पिंग लागते, पण सेवा उत्तर देत नाही : नवे हार्डवेअर घ्यावे का?

कृष्णाकाठ :
नमस्कार. आमच्या पतसंस्थेत विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर चालणारे एक जुने मशीन असून त्यावरील वेबसेवा दुसऱ्या मशीनवरील डेटाबेसशी जोडणी करून खातेदारांची माहिती दाखवते. गेल्या आठवड्यात ही सेवा अचानक प्रतिसाद देईनाशी झाली. मशीनला पिंग (मशीन नेटवर्कवर उत्तर देते का, हे पाहणारा छोटा संदेश) व्यवस्थित लागत होते, प्रोसेसर आणि मेमरी यांवर ताण नव्हता, तरीही एकही नवी जोडणी होत नव्हती. रीस्टार्ट केल्यावर मात्र सर्व काही पूर्ववत झाले. सहकाऱ्याने रीस्टार्टपूर्वी नेटस्टॅटच्या (मशीनच्या जोडण्यांची यादी देणाऱ्या आज्ञेच्या) नोंदी फाइलमध्ये साठवून ठेवल्या होत्या. त्यात सोळा हजारांहून अधिक ओळी आहेत आणि बहुतेकींपुढे टाइम-वेट अशी अवस्था आहे. आणखी एक कोडे असे, की देखरेखीच्या पडद्यावर त्या वेळी मशीन अवघ्या ४ दिवसांपूर्वी सुरू झाल्याचे दिसत होते, आणि त्या मशीनला तर कोणी हातही लावलेला नव्हता.

सॉफ्टवेअरवाले म्हणतात स्विच बदला, नेटवर्कवाले म्हणतात फायरवॉल बदला. संचालक मंडळापुढे खर्च मांडण्यापूर्वी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रात्रपाळी :
कृपया तूर्त काहीही विकत घेऊ नका. आपण दिलेली लक्षणे या प्रणालीतील एका ज्ञात दोषाशी तंतोतंत जुळतात. व्हिस्टा, विंडोज ७, सर्व्हर २००८ आणि २००८ आर२ या आवृत्त्यांमध्ये मशीन सुरू होऊन ४९७ दिवस उलटले, की टाइम-वेट अवस्थेतील जोडण्या कधीच मिटत नाहीत. एरवी बंद झालेली जोडणी थोडा वेळ या अवस्थेत राहते आणि मग तिचा पोर्ट, म्हणजे त्या जोडणीला मिळालेला क्रमांक, मोकळा होतो. या दोषामुळे तो अडकून पडतो. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी मूळ मांडणीत ४९१५२ ते ६५५३५ असे १६,३८४ पोर्ट असतात. ते संपले, की आपली वेबसेवा डेटाबेसपर्यंत पोहोचूच शकत नाही. पिंगला पोर्ट लागत नाही, म्हणून ते शेवटपर्यंत लागते आणि सगळ्यांची दिशाभूल करते.

आता ते ४९७ कुठून आले? ३२ बिटांच्या मोजणीपात्रात (काउंटरमध्ये) ४,२९,४९,६७,२९६ इतके अंक मावतात. एकेक अंक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा धरला, तर पात्र ४९७ दिवस आणि सुमारे अडीच तासांत भरून पुन्हा शून्यावर येते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ६००५ क्रमांकाची (मशीन सुरू होताना पडणारी) शेवटची नोंद कोणत्या दिवसाची होती, ते पाहून सांगावे.

तारघर :
पडद्यावरील ४ दिवसांचे कोडेही तिथेच सुटते. देखरेखीसाठी वापरल्या जाणाऱ्या एसएनएमपी या पद्धतीतील सिसअपटाइम (सुरू झाल्यापासूनचा वेळ) हा आकडासुद्धा ३२ बिटांचा आणि सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलेला असतो, त्यामुळे तोही ४९७ दिवसांनी शून्यावर जातो. म्हणजे मशीन ५०१ दिवस चालू असावे. चार दिवसांत सोळा हजार पोर्ट संपले, तर रोज सुमारे ४ हजार जोडण्या झाल्या असतील. आपल्या कामाच्या व्यापाशी हे जुळते का?

कृष्णाकाठ :
जुळते. ६००५ ची आधीची नोंद बिघाडाच्या बरोबर ५०१ दिवस आधीची निघाली. पूर्वी वीज गेली की मशीन बंद पडायचे, त्यामुळे इतके दिवस ते कधी सलग चाललेच नव्हते. नवा यूपीएस आणि जनित्र बसवले, त्याच दिवशी ते शेवटचे सुरू झाले होते. चांगल्या विजेनेच घात केला म्हणायचा! लिनक्सवर गेलो, तर हा प्रश्न कायमचा मिटेल का?

रात्रपाळी :
हा विशिष्ट दोष मिटेल, परंतु मोजणीपात्र भरून वाहण्याचा प्रकार लिनक्सलाही नवा नाही. जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी उजेडात आणलेला सॅक पॅनिक हा दोष लिनक्सच्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) २.६.२९ या आवृत्तीपासून होता. समोरच्याने सेगमेंटची (एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याची) कमाल मर्यादा ४८ बाइट ठेवली, तर प्रत्येकात माहितीसाठी केवळ ८ बाइट उरतात. एका बफरमध्ये ३२ केबीचे १७ तुकडे मावत असल्याने सेगमेंटांची संख्या ६९,६३२ पर्यंत जाऊ शकते, आणि ती मोजणारे १६ बिटांचे पात्र ६५,५३५ लाच संपते. त्यानंतर कर्नल स्वतःहून थांबतो, म्हणजे पिंगसुद्धा बंद. आपल्याकडे पिंग चालू होते, एवढ्यावरूनही दोन्ही प्रकार वेगळे ओळखता येतात.

तातडीचा उपाय म्हणून केबी२५५३५४९ ही मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती बसवलेली आहे का ते तपासा आणि दर तिमाहीला ठरवून रीस्टार्ट करा. पोर्टांची व्याप्ती वाढवण्याचा सल्ला कोणी दिला, तर मानू नका. त्याने बिघाड काही दिवस पुढे ढकलला जाईल, इतकेच. प्रस्ताव मांडायचाच असेल, तर नव्या प्रणालीचा मांडा, कारण या आवृत्तीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा विस्तारित आधारही १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे.

तारघर :
एक विचारायचे राहिले. डेटाबेसच्या मशीनवर कोणती प्रणाली आहे, आणि ते कधी सुरू केले होते?

कृष्णाकाठ :
तीच प्रणाली, आणि यूपीएस बसवला तोच दिवस. त्यावर दुरुस्तीही दिसत नाही. आज कामकाज संपल्यावर बॅकअप घेऊन ते रीस्टार्ट करतो.