जीव्हिममधून पायथन स्क्रिप्ट चालवली की साठेंचा ठ गायब आणि ए विंग तर अख्खीच गायब

रिकामी_ओळ
मंडळी, तीन दिवस डोकं आपटतेय, आता तुम्हीच सांगा. सोसायटीच्या सभासदांची यादी माझ्या गळ्यात पडलीये, १६० फ्लॅट, साधी टेक्स्ट फाईल, एका ओळीत फ्लॅट नंबर आणि आडनाव, सगळं देवनागरीत. आधी ज्यांनी यादी केली त्यांनी स्पेसबार दाबून दाबून कॉलम जुळवलेत, कुठे तीन स्पेस तर कुठे अकरा. म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, ओळ घ्यायची, स्प्लिट करायची (स्पेस दिसेल तिथे तोडायची), एकेक स्पेस घालून जोडायची आणि प्रिंट, बस. विंडोज ११, जीव्हिम (व्हिम या टेक्स्ट एडिटरची खिडकीवाली आवृत्ती), पायथन ३.१२. व्हिममध्ये :%!पायथन नीट.पीवाय असं देते, म्हणजे ओळी स्क्रिप्टमधून जाऊन त्याच जागी परत येतात (कमांडी देवनागरीत लिहितेय, सांभाळून घ्या).

आता गंमत बघा. सी विंगच्या पाच ओळी सिलेक्ट करून चालवलं, काळे, जोशी, माने, पाटील, मोरे, एकदम मस्त. मग दहा ओळी घेतल्या तर साठे, मराठे आणि राठोड या तिघांचाच ठ गेला, त्या जागी कोनी कंसात ई० आणि ए४ असलं काहीतरी, मग एक स्पेस आणि पुढे नुसती लोंबकळणारी मात्रा. बाकी सात नावं ठणठणीत. मग म्हटलं पूर्ण फाईलवर चालवून बघू, तर १६० च्या १६० ओळी उडाल्या आणि त्यांच्या जागी पायथनचा ट्रेसबॅक (एररचा अहवाल)! शेवटची ओळ अशी की चारमॅप कोडेकला बाइट ०एक्स८एफ डीकोड करता येत नाही, पोझिशन २. यू (अनडू) दाबून यादी परत आणली, पण तेवढ्यात घाम फुटला. फाईलची पहिली ओळ 'ए-१०१ आपटे' आहे. ए विंगची कुठलीही एक ओळ जरी सिलेक्शनमध्ये आली तरी हेच होतं.

आणि हीच स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये नुसती सुरू करून त्याच ओळी पेस्ट केल्या तर सगळं बरोबर, साठे पण बरोबर आणि ए विंग पण. मग हा व्हिमचाच घोळ ना? व्हिमआरसीमध्ये (व्हिमच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत, यूटीएफ-८ आहे, ते आधीच तपासलंय.

खटपट्या
कोडपेजचा (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर, त्या तक्त्याचा) लोचा आहे. टर्मिनलमध्ये सीएचसीपी ६५००१ मार (६५००१ म्हणजे यूटीएफ-८) आणि मग तिथूनच जीव्हिम उघड. माझ्याकडे मराठी नीट दिसत नव्हतं तेव्हा यानेच झालं होतं.

रिकामी_ओळ
केलं. काही फरक नाही, ठ अजून गायबच.

बाइटमोज्या
सीएचसीपीने इथे काही होणार नाही, ते कन्सोलचं, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीचं, कोडपेज बदलतं आणि इथे कन्सोल मध्ये येतच नाही. व्हिम पण निर्दोष आहे बिचारा. तुम्ही टर्मिनलमध्ये ओळी पेस्ट केल्या तिथे चकवा बसला. पायथन ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलशी थेट युनिकोडमध्ये बोलतो, म्हणून हाताने टाकलेलं सगळं नीट येतं. पण व्हिम काय करतो, सिलेक्ट केलेल्या ओळी टेम्प फाईलमध्ये लिहितो, ती फाईल प्रोग्रामच्या स्टडिनला (इनपुटच्या वाटेला) लावतो, आउटपुट दुसऱ्या टेम्प फाईलमध्ये घेतो आणि ते आणून बफरमध्ये (उघडलेल्या मजकुरात) टाकतो. पायथनला समोर कन्सोल दिसला नाही, फाईल किंवा पाइप दिसला, की तो विंडोजचं जुनं एएनएसआय कोडपेज धरतो आणि आपल्याकडच्या इंग्लिश विंडोजवर ते १२५२ असतं. खात्री करायची तर टर्मिनलमध्येच पायथन नीट.पीवाय < यादी.टीएक्सटी असं देऊन बघा, व्हिम नसतानाही फुटेल.

आता ठ चं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, मात्रा आणि हलंत सुद्धा. ठ म्हणजे ई०, ए४, ए० हे तीन बाइट, सोळाच्या पायात (हेक्स) लिहिलेले. पायथन १२५२ च्या चष्म्यातून बघतोय, त्यामुळे त्याला एक ठ न दिसता तीन वेगवेगळी चिन्हं दिसतात आणि त्यातलं तिसरं, ए०, हे १२५२ मध्ये नॉन-ब्रेकिंग स्पेस आहे. तुमची स्क्रिप्ट स्प्लिट करतेय. स्प्लिटला ती पण स्पेसच वाटते, म्हणून त्याने ठ चा शेवटचा तुकडा उचलून फेकला आणि साधी स्पेस लावून दिली. तो कोनी कंसातला ई० आणि ए४ म्हणजे उरलेला अर्धामुर्धा ठ :)

काळे-जोशी का वाचले? त्यांच्या बाइटांना १२५२ मध्ये काही ना काही चिन्ह आहे आणि त्यातलं एकही स्पेस नाही. आत येताना चुकीचं वाचलं, बाहेर जाताना त्याच चुकीने उलटं लिहिलं, बेरीज वजाबाकी शून्य. म्हणजे पाच ओळींची टेस्ट पास झाली ती नशिबाने.

आणि ए विंग: १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. ए चा शेवटचा बाइट नेमका ८एफ. ०, १, २ असं मोजलं तर पोझिशन २, म्हणजे फाईलचं पहिलंच अक्षर. तसंच ह्रस्व उकाराचा ८१, हलंताचा ८डी, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे सी विंगमध्ये कुणी कुलकर्णी, देशमुख किंवा झगडे असतील तर ते सुद्धा फुटणार, दहा ओळींत कुणी आलं नाही एवढंच.

उपाय: व्हिमआरसीमध्ये एक ओळ टाका, लेट $पायथनयूटीएफ८ = १, ते नाव इंग्रजी कॅपिटलमध्ये, सलग. व्हिम स्वतःचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पुढच्या प्रोग्रामला देतो, त्यामुळे पायथन यूटीएफ-८ मोडमध्येच उठतो. ३.७ पासून चालतं. स्क्रिप्टमध्येच करायचं असेल तर स्टडिन आणि स्टडआउट (आउटपुटची वाट) दोन्हींवर रिकॉन्फिगर मारून यूटीएफ-८ करा, एकट्या स्टडिनवर मारून थांबलात तर आत नीट येईल आणि बाहेर जाताना फुटेल. ३.१५ पासून यूटीएफ-८ मोड डिफॉल्टच आहे, तेव्हा हे दुखणं जाईल.

खटपट्या
अरे वा, माझं तेव्हा नुसतं दाखवण्यापुरतं होतं म्हणजे. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये ते बीटा लिहिलेलं यूटीएफ-८ चं टिकबॉक्स असतं ते केलं तर?

बाइटमोज्या
चालेल, त्याने एएनएसआय कोडपेजच ६५००१ होतं. पण ते अख्ख्या मशीनला लागू, जुनी नॉन-युनिकोड सॉफ्टवेअरं असतील तर त्यांच्यात कचरा दिसायला लागेल. एका यादीसाठी एवढा उपद्व्याप नको.

पाइपलाइन_आजोबा
निदान बरोबर आहे, फक्त एक भर. ट्रेसबॅक यादीच्या जागी येऊन बसला कारण व्हिमचं शेलरीडिर हे सेटिंग डिफॉल्टने स्टडआउट आणि स्टडएरर (एररची वाट) दोन्ही एकाच टेम्प फाईलमध्ये ओततं. :सेट शेलरीडिर=> केलंत की एरर बफरमध्ये येणार नाही. पण स्क्रिप्ट अर्ध्यात मेली तर बफर रिकामा किंवा अर्धा होईलच, यू ला पर्याय नाही.

आणि नवीन स्क्रिप्ट थेट :%! ने चालवूच नये. आधी :डब्ल्यू !पायथन नीट.पीवाय असं द्या, आउटपुट नुसतं दिसतं, बफरला हात लागत नाही. डब्ल्यू आणि उद्गारचिन्हाच्या मधली स्पेस मात्र गाळू नका. :डब्ल्यू! पायथन असं झालं तर व्हिम काही चालवत नाही, 'पायथन' नावाची फाईल करून त्यात तुमची यादी लिहून मोकळा होतो. आमच्या एका जुन्या सर्व्हरवर 'सॉर्ट' नावाची फाईल वर्षभर पडून होती, कुणी केली ते मी सांगणार नाही.

लिनक्सवाला_नगर
लिनक्स टाका, तिथे लोकेल (भाषा आणि एन्कोडिंगचं सेटिंग) बहुतेक यूटीएफ-८ च असतं, विषय संपला.

पाइपलाइन_आजोबा
संपत नाही हो. तिथे टीआर (अक्षरं बदलणारी कमांड) वापरून ठ चा थ करून दाखवा. ग्नूचा टीआर बाइट बाइट बघतो, ए० चा ए५ करेल आणि फाईलमधला प्रत्येक ए० बदलून टाकेल, भले तो दुसऱ्या अक्षरातला असो. सेड (मजकूर शोधून बदलणारी कमांड) वापरा.

रिकामी_ओळ
बाइटमोज्या, साष्टांग! आधी टर्मिनलमध्ये < देऊन बघितलं, तुम्ही म्हणालात तसंच फुटलं, तोच ८एफ आणि तीच पोझिशन २. मग दोन ओळींची स्क्रिप्ट करून स्टडिनचं एन्कोडिंग प्रिंट केलं, आजोबांच्या :डब्ल्यू ! ने, तर सीपी१२५२. व्हिमआरसीत ती ओळ टाकून जीव्हिम बंद-चालू केला, परत तेच चालवलं तर यूटीएफ-८. मग देवाचं नाव घेऊन :%! दिलं. १६० ओळी, ए विंग हजर, साठे-मराठे-राठोड सगळे ठ सकट. कुलकर्णी तर सी विंगमध्ये दोन निघाले, अकराव्या ओळीपासून पुढे, थोडक्यात वाचले होते.

आता स्पेस सारख्या झाल्यावर दिसलं की बी-२०३ यादीत दोनदा आहे, दोन वेगळ्या आडनावांनी. त्याला काही व्हेरिएबल नाही, ते रविवारच्या मीटिंगमध्येच बघू.