शाळा सुटल्यानंतरचे तास

कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांना मोठ्यांसारखीच शिक्षा करा, असं काही जण म्हणतात. २०१५च्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयोगटासाठी, अतिगंभीर गुन्ह्यात, ती वाट आहेच. पण ती गुन्हा घडून गेल्यावरची. अमेरिकेत शाळेच्या दिवशी अल्पवयीनांचे हिंसक गुन्हे सर्वाधिक दिसतात ते शाळा सुटल्या सुटल्या, दुपारी तीनच्या सुमारास. मध्यरात्री नव्हे.

आमच्या वस्तीतली सकाळची शाळा साडेबाराला सुटते. आई धुण्याभांड्याला, बाप रिक्षावर, घराची किल्ली पोराच्या गळ्यात. कोपऱ्यावरचा भाई त्याला वडापाव देतो, नावाने हाक मारतो. दुसरं कोण मारतं हो? भाईच्या आधी तिथे कुणीतरी पोचायला हवं. नागपुरात विजय बारसे सर पोचले. पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं बघून त्यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला.

आमच्या अभ्यासिकेत नुसत्या गणितासाठी कुणी थांबेना. कॅरम आणि वाटीभर पोहे ठेवले, तशी पोरं बसायला लागली. मात्र दार रोज उघडं हवं. एक दिवस कुलूप दिसलं की दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं पुन्हा कोपऱ्यावर. आणि शेजारचं समाजमंदिर अख्खी दुपार बंद असतं, नगरसेवकांना विचारा की हे.