वंडरस्वान चालू केला की दुसऱ्याचंच नाव येतंय, पुसू का?

जुनंबटण: जपानहून सेकंडहँड वंडरस्वान मागवला, हातात धरून खेळायचा गेम कन्सोल, 1999 चा पहिला ब्लॅक अँड व्हाइटवाला. सोबत गुनपेई या गेमचं कार्ट्रिज होतं. पेन्सिल सेल टाकून ऑन केला तर कोणाचं तरी नाव आणि पुढे चक्क बदाम! मग स्टार्ट दाबून धरून ऑन केला तर मेनू आला, जपानी येत नाही म्हणून मोबाईलने वाचला, तर जन्मतारीख आणि रक्तगट पण भरलेला. हे काय प्रकरण आहे? पुसू का? आणि स्क्रीनच्या मधोमध काळपट डाग आहे, जवळ नेलं की आंबूस वास येतो, सेल गळला असेल का?

खटपट्या: सेल नाही रे. सेलचा कप्पा उघडून बघ, तिथे पांढरं-हिरवं काही साचलं नसेल तर तो डाग पोलरायझरचा आहे, काचेवरची फिल्म कुजते आणि व्हिनेगरसारखा वास मारते. आतली काच शाबूत असते. फिल्म सोलून, गोंद साफ करून नवीन लावता येते पण घाईने सोललीस तर काच गेलीच समज. नवीन फिल्म चिकटवायच्या आधी नुसती वर धरून फिरवून बघ, कोन चुकला तर चित्र दिसतच नाही किंवा उलटं काळं-पांढरं दिसतं. मी पहिल्यांदा न बघता चिकटवली होती, असो.

पिक्सेलपंत: नाव साध्या मेमरीत नाही, ईईप्रॉममध्ये असतं, म्हणजे वीज नसतानाही लक्षात ठेवणाऱ्या चिपमध्ये, म्हणून सेल काढून वीस वर्षं पडला तरी जात नाही. रक्तगटाचं म्हणशील तर जपानात रक्तगटावरून स्वभाव सांगायची हौस आहे, आपल्याकडे रास विचारतात तसंच. आणि तुझ्या कार्ट्रिजचं नाव गुनपेई योकोईंवरून आहे बरं का. गेम बॉय बनवणारा हाच माणूस, 1996 ला निन्टेन्डो सोडून स्वतःची कंपनी काढली, बांदाई कंपनीसाठी या वंडरस्वानवर काम केलं आणि 1997 ला रस्ता अपघातात गेले. मशीन बाजारात आलं मार्च 1999 ला, 4800 येनला, त्यांनी ते पाहिलंच नाही. एकाच सेलवर तासन् तास चालणं, स्वस्त जुनेच पार्ट नीट डोकं लावून वापरणं, ही सगळी त्यांचीच सवय.

खटपट्या: हो आणि गुनपेई उभा धरून खेळायचा, डावीकडे बटणांचे दोन संच त्यासाठीच आहेत. फायनल फँटसी गेम घेऊ नकोस, ते कलरवाल्या वंडरस्वानमध्येच चालतं. हेडफोनचं भोकही नाही, वेगळा अडॅप्टर लागतो.

निवांत८बिट: नाव पुस की, तुझी वस्तू आहे. कोणाची जन्मतारीख सांभाळत बसायची कशाला.

पिक्सेलपंत: जन्मतारीख काढ हवं तर, ते बरोबर आहे. नाव ठेव. ती एक एक अक्षर बटणाने निवडून टाकावी लागतात, कोणीतरी शेवटपर्यंत जाऊन मुद्दाम बदाम शोधलाय.

जुनंबटण: कप्पा कोरडा आहे, म्हणजे फिल्मच. मागवतो. तारीख आणि रक्तगट बदलला, नाव काढून माझं टाकलं, बदाम तसाच ठेवलाय.