ॲक्सेसरीजना मराठीत काय म्हणायचं?

फ्रेंच फॅशन डिझायनर दिऑरच्या 'बार' नावाच्या सूटवर लिहितेय. १२ फेब्रुवारी १९४७, पॅरिस, क्रिस्तियाँ दिऑर यांचा कपड्यांचा पहिला संग्रह. कमरेत आवळलेलं हस्तिदंती शांटुंग रेशमाचं जाकीट, खाली काळा लोकरी घेरदार स्कर्ट, सोबत हॅट आणि हातमोजे. स्केचला 'रेखाटन' चालेल. पण हॅट-हातमोज्यांना मिळून काय म्हणू? 'उपसाधने' लिहिलं की नळाचं सामान वाटतं.

प्रतिसाद : 'साज' आहे की! घोड्यालाही चालतो, माणसालाही.

प्रतिसाद : आणि कोल्हापुरी साज? वाचक चित्रातल्या बाईच्या गळ्यात डोरलं शोधत बसेल. आमचं शिवणाचं दुकान होतं. अस्तर, कॅनव्हास, बटणं, हुक याला वडील 'सामान' म्हणत. 'कापड तुमचं, सामान आमचं.' म्हणजे जे कपड्यात शिवलं जातं ते. 'बार'च्या कमरेखाली फुगवट्यासाठी भरण घातलंय, ते सामानात येईल. हातमोजे नाही येणार. ते गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक बघे, म्हणून दुकानात त्याला शब्दच नव्हता. मी सरळ 'जोडीच्या वस्तू' लिहीन.

मूळ प्रश्नकर्ती : पटलं. आता स्कर्टच्या निऱ्या की चुण्या?

प्रतिसाद : चुण्या. निऱ्या रोज घालायच्या, रोज सोडायच्या.

प्रतिसाद : शिवलेल्या नऊवारीला निऱ्याच म्हणतात हो.

प्रतिसाद : म्हणतात खरं. पण ती साडीची पुण्याई. स्कर्टला चुण्याच.

मूळ प्रश्नकर्ती : त्या संग्रहातल्या एका घाटाला दिऑरनी 'कोरोल' नाव दिलं होतं, म्हणजे फुलाच्या पाकळ्यांचा घेर. (संग्रहाच्या शैलीला 'न्यू लूक' हे नाव नंतर फॅशन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांच्या तोंडून आलं.) शाळेच्या पुस्तकात त्याला 'दलपुंज' म्हणतात.

प्रतिसाद : दलपुंज वाचून पुंकेसरच आठवतात. शिंप्याकडे 'कळी' आहे ना, कळ्यांचा घागरा!

प्रतिसाद : कळी म्हणजे वर निमुळता, खाली रुंद कापलेला तुकडा. 'बार'चा स्कर्ट चुण्यांचा आहे. कळीदार सांगाल तर शिंपी भलताच स्कर्ट हातात देईल. 'कोरोल' तसंच राहू द्या, पुढे 'पाकळ्यांचा घेर' लिहा. आणि ते 'जाकीट' आधी बदला. आपल्याकडे जाकीट म्हटलं की बिनबाह्यांचं, झब्ब्यावर घालायचं. याला पुऱ्या बाह्या आहेत. कोट म्हणा.