मदत हवी आहे : भुताच्या क्लिपा एका सिनेमात कशा जोडू?

खाडीकाठचा : शिमग्याला वाडीत दाखवायचंय, वेळ नाही. गिऱ्हा (पाण्यातलं भूत), चकवा (वाट चुकवून फिरवणारं भूत) आणि बंद घर, तिन्ही गोष्टी शूट झाल्यात. सगळं 'नंतर सापडलेलं चित्रण' छाप, म्हणजे कोणाच्या तरी कॅमेऱ्यात खरंच सापडल्यासारखं. पण ओळीने लावल्या की नुसत्या क्लिपा वाटतात. लवकर सांगा.

देवगडी हापूस : मोबाईलवर? उभं की आडवं? किती मिनिटांच्या?

खाडीकाठचा : मोबाईलच. आडवं. जोडायचं कसं ते विचारतोय.

रातकिडा : सगळ्या गोष्टी बांधणारी जोडकथा लागतेच. २०१२ चा 'व्ही/एच/एस' बघ. चोर एक कॅसेट पळवायला घरात शिरतात, टीव्हीसमोर म्हातारा मरून पडलेला, मग एकेक कॅसेट लावून बघतात. तू चाकरमान्याला बंद घर उघडायला लाव, माळ्यावर जुना मोबाईल सापडू दे.

बापू गुहागर : ती जोडकथाच त्यात सगळ्यात रटाळ आहे! मजा वेगळीच. एक गोष्ट फसली तरी थोड्या वेळात दुसरी येते, आणि भूत आलं कुठून हे सांगत बसायला कोणाला सवडच नसते. ओसरीवर एकाचं संपलं की दुसरा 'हे तर काहीच नाही' म्हणून सुरू करतो, तसं. तिथे कोण धागा मागतो?

रातकिडा : ओसरीवर तिकीट नसतं, बापू.

खाडीकाठचा : माझ्याकडेही नाहीये.

मालवणी खाजा : गिऱ्ह्याची मस्करी करू नको रे. देवळात गाऱ्हाणा घातलंस काय?

सुरमई : मोबाईल भिजला तर तांदळात ठेवू नका, पूड आत जाते.

खाडीकाठचा : कोणाचा भिजलाय??

बापू गुहागर : मुद्द्याचं सांग, कॅमेरा कोणाच्या हातात आहे?

खाडीकाठचा : म्हणजे? आमच्याच.

बापू गुहागर : अरे, गोष्टीत! भूत समोर असताना तो मोबाईल टाकून पळत का नाही? दिबाकर बॅनर्जींच्या 'लव्ह सेक्स और धोखा'त (२०१०) भुतं नाहीत, पण तीन गोष्टींना तीन वेगळे कॅमेरे आहेत : हँडीकॅम, दुकानातला सीसीटीव्ही, छुपा कॅमेरा. तू चकवा आंब्याच्या कलमांच्या बागेतल्या सीसीटीव्हीवर घे. माणूस चौकटीबाहेर जातो, परत त्याच कलमापाशी येतो, परत जातो, परत येतो. कोपऱ्यातलं घड्याळ मात्र पुढे सरकतंय. हातच नाही, मग पळायचं कोणी?

रातकिडा : हे भारी आहे. तरी जोडकथा हवीच.

खाडीकाठचा : बाग मिळेल, काकांची आहे. पण त्यांच्या सीसीटीव्हीला आवाज नाही. चकव्यातल्या संवादांचं काय करू?