१९४४ साली वर्गातून थेट पायदळात: अमेरिकेतील विद्यार्थी-सैनिकांच्या अर्धवट पदवीचे पुढे काय होई?

प्रश्न
ओहायोत आमच्या शेजारी राहणारे आजोबा गेल्यावर त्यांच्या मुलीने कागदांचा एक खोका मला चाळायला दिला. त्यात १९४३ ची लष्करी अभियांत्रिकी वर्गाची गुणपत्रिका, मार्च १९४४ चा पायदळात बदली झाल्याचा हुकूम आणि १९४६ चे एका महाविद्यालयाचे पत्र आहे. पत्राच्या मागे पेन्सिलने ‘६५’ आणि त्याखाली ‘९०?’ असे लिहिले आहे. चांगले गुण असताना त्यांना वर्गातून का काढले असावे, आणि तो अभ्यास पुढे धरला गेला असेल का?

उत्तर १
काढले ते त्यांच्या एकट्याला नव्हे. डिसेंबर १९४२ मध्ये जाहीर झालेल्या ‘आर्मी स्पेशलाइज्ड ट्रेनिंग प्रोग्राम’मध्ये निवडक सैनिक गणवेशातच महाविद्यालयात बारा-बारा आठवड्यांच्या सत्रांत शिकत. युरोपातील मोठ्या चढाईआधी माणसे कमी पडू लागली, तेव्हा फेब्रुवारी १९४४ मध्ये लष्कराने ही योजना जवळजवळ गुंडाळली आणि सुमारे १,१०,००० विद्यार्थी लढाऊ तुकड्यांकडे, बहुतेक पायदळात, पाठवले. माझ्या मते ही सरळसरळ वचनभंगाची गोष्ट होती.

उत्तर २
वचनभंग म्हणा, पण युद्धाच्या मध्यावर सेनापतींपुढे दुसरा मार्ग कोणता होता? असो. अभ्यास धरण्याबाबत सांगायचे तर, पहिल्या महायुद्धानंतर अनेक महाविद्यालयांनी केवळ सैन्यात होता म्हणून सरसकट श्रेयांक दिले आणि मागाहून पस्तावली, त्यामुळे या खेपेस चाचणी घेऊन किंवा प्रत्यक्ष शिकलेला विषय तपासून श्रेयांक द्यावेत असा आग्रह होता. मात्र अंतिम निर्णय ज्या त्या महाविद्यालयाचा असे, म्हणून ते पत्र नीट वाचा.

आता आकड्यांविषयी. २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी सही केलेल्या, ‘जीआय बिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, माजी सैनिकांसाठीच्या कायद्यानुसार शिक्षणशुल्क व पुस्तकांसाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची रक्कम सरकार भरी आणि निर्वाहासाठी दरमहा ५० डॉलर देई. १९४५ च्या अखेरच्या दुरुस्तीने हा भत्ता अविवाहितास ६५ आणि कुटुंब असणाऱ्यास ९० डॉलर झाला.

उत्तर ३
एक पुरवणी जोडतो. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, पण दक्षिणेकडील गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय माजी सैनिकांना बंदच होती, आणि त्यांच्यासाठी असलेल्या मोजक्या महाविद्यालयांत जागाच पुरत नसल्याने कित्येकांना हक्क असूनही परत जावे लागले.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. पत्र पुन्हा वाचले: गणिताचे श्रेयांक मान्य झाले होते, भौतिकशास्त्राची चाचणी मात्र द्यायला सांगितली होती. ‘९०?’ बद्दल त्यांच्या मुलीला विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली की आई-बाबांचे लग्न त्याच वर्षी ऑक्टोबरात झाले.