माणसं वाढवून सॉफ्टवेअरचं रिलीज लवकर होत नाही हो
काही जण म्हणतात की डेडलाइन जवळ आली की टीममध्ये अजून चार जण टाका. अहो, उशीर झालेल्या प्रोजेक्टात माणसं घातली की अजून उशीर होतो हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्सने १९७५ मध्येच सांगून ठेवलंय. कारण ५ जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या १०, १० जणांत थेट ४५!
आमच्याकडे असाच घेतलेला नवीन पोरगा ३ दिवस एका एररवर अडकलेला, स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, नुसतं "चालू आहे", शेवटी टपरीवर चहा पिताना कळलं की कॉन्फिगमधला (सेटिंगच्या फाइलमधला) पोर्ट नंबर चुकलाय, २ मिनिटांचं काम. विचारलं का नाही, तर आधीच्या रिव्ह्यूत, म्हणजे कोड तपासताना, सीनियरने त्याच्या कोडखाली "हे काय आहे?" एवढंच लिहिलेलं. समोर असता तर हसून विचारलं असतं सीनियरने, पण स्क्रीनवर ते खेकसल्यासारखंच वाटतं ना.